चारशे सतरा, अ आणि ब

“आधी त्या पुतळ्याच्या हातातून ते काढा,” ड्रीका म्हणाली.

एका हातात ओलं फडकं, दुसऱ्या हातात बादली, आणि आवाज असा चढलेला की शिडीवर उभं राहून दिवा नीट करणारे संग्रहालयाचे संचालक डॉक्टर फेंटर दोन पायऱ्या खाली उतरले.

“काय काढू, आंटी?”

“ते धनुष्य. आणि ते धनुष्य नाहीये. किती वेळा सांगायचं, डॉक्टर? सांगून सांगून जीभ झिजली माझी.”

नव्या दालनातल्या मोठ्या काचेच्या कपाटात प्लास्टरचा एक शिकारी गुडघा टेकून बसवला होता. कमरेला कातडं, अंगाला चॉकलेटी रंग, एक डोळा मिटलेला. समोर भुसा भरलेलं हरीण होतं आणि त्याच्यावर हा गडी नेम धरून होता. नेम कशाने? तर ड्रीकाच्या आईच्या वाद्याने. तातेवर चक्क बाण चढवलेला. पुतळ्याच्या गुडघ्याशी आईचीच लाकडी कासंडी ठेवली होती, आणि दूध काढायच्या त्या कासंडीत शहामृगाची दोन अंडी. शिकाऱ्याच्या जेवणाची सोय!

“पण आंटी,” डॉक्टर हसत म्हणाले, “तुम्हीच म्हणाला होतात ना, दोन्ही वस्तू एकत्र ठेवा म्हणून? ठेवल्या की.”

ड्रीकाने बादली खाली आपटली, तेव्हा थोडं पाणी डॉक्टरांच्या चकचकीत बुटांवर उडालं. मुद्दाम उडवलं नव्हतं, पण तिला वाईटही वाटलं नाही.

एकोणीस वर्षं ही बाई या संग्रहालयाच्या काचा पुसत होती. नवरा गेल्यावर तांब्याच्या खाणीच्या या गावात तिला हीच नोकरी मिळाली. कामाच्या पहिल्याच दिवशी ‘शस्त्रे’ लिहिलेल्या दालनात ती फडकं घेऊन शिरली आणि भाले-बंदुकांच्या ओळीत तिला आईचं खास दिसलं. नामा या मेंढपाळ जमातीतल्या बायकांच्या त्या वाद्याचं नावच खास. मराठी कानाला गंमत वाटेल, पण खरोखर तेच नाव. दिसायला धनुष्यासारखंच असतं, यात वाद नाही. वाकवलेली काठी आणि तिला बांधलेली तात. पण शिकारीचं धनुष्य हातात धरतात. खास धरायचं पायात. बाई जमिनीवर बसते, एक टोक उजव्या पावलाखाली दाबते, काठीचा मधला बाक कासंडीच्या काठावर टेकवते, म्हणजे नाद घुमतो. वरचं टोक डाव्या हातात, उजव्या हातातल्या बारीक काडीने तातेवर ठोका, आणि सूर बदलायला तातेला लावायची हनुवटी. पाय, हात, हनुवटी, सगळी बाईच त्या वाद्यात गुंतते. अशा वस्तूने ससा तरी मरेल का? ताणून बाण सोडला तर काठीच मोडेल.

आणि कासंडी? ती पलीकडच्या ‘दूधदुभते’ दालनात, ताक घुसळायच्या रव्या आणि लोण्याचे साचे यांच्यामध्ये. दोन्हींच्या मध्ये एक भिंत आणि पेंढा भरलेला एक बिबट्या. ड्रीका रोज सकाळी आधी खासची काच पुसायची, मग बिबट्याला वळसा घालून कासंडीची काच पुसायची.

काठीच्या टोकाजवळ शाईने लिहिलं होतं, ४१७ अ. कासंडीच्या बुडाशी लिहिलं होतं, ४१७ ब. हे आकडे कुणी लिहिले, कधी लिहिले, हे ड्रीकाला कुणी सांगायची गरज नव्हती. लिहिताना ती समोर उभी होती.

आठ वर्षांची होती तेव्हा. क्लिपवालमध्ये लव्हाळ्याच्या चटयांचं त्यांचं घर, बाहेर काट्यांचा वाडगा, वाडग्यात सतरा शेळ्या. मिशनच्या पाद्रीबाबांनी निरोप पाठवला की रानटी नाद घरात ठेवणाऱ्या बाईला प्रभुभोजनाला बसता यायचं नाही, आणि तिच्या पोरीला शाळेत घेणार नाही. ड्रीकाला शाळा हवी होती. शाळेत पाटी मिळायची आणि दुपारी पाव मिळायचा. तिने दोन दिवस रडून आईला भंडावून सोडलं. तिसऱ्या दिवशी लेया बोईसने खास खांद्याला लावलं आणि दोघी दोन तासांची वाट चालत मिशनला गेल्या. कासंडी ड्रीकाच्या डोक्यावर होती. वाटेत ती उड्या मारत होती. आनंदाने! ते आठवलं की त्रेसष्टाव्या वर्षीही तिच्या कानशिलाला आग लागायची.

पाद्रीबाबांनी दौतीत टाक बुडवला. खासवर आकडा घातला आणि कासंडीवर दुसरा घालायला लागले, तेव्हा आई एवढंच बोलली, “बाबा, ही दोन नाहीत. हे एकच आहे.” पाद्रीबाबांनी तिच्याकडे पाहिलं, खोडलं, आणि लिहिलं अ आणि ब. तो पाद्री दुष्ट असेल, पण आंधळा नव्हता. पुढे त्याचा सगळा पसारा या संग्रहालयात आला, आणि डोळस माणसांच्या हातात पडल्यावर अ इकडे गेला, ब तिकडे गेला.

ड्रीका शाळेत गेली. चार इयत्ता शिकली. टाळूवर जीभ वाजवून आपल्या भाषेत बोलली म्हणून छड्याही खाल्ल्या. आणि आई रोज तिन्हीसांजेला घराच्या दाराशी बसायची, उजवा पाय लांब करायची, मान खाली घालून हनुवटी गळ्याशी आणायची आणि उजव्या हाताचं बोट मांडीवर ठोकत राहायची. ठक, ठक-ठक, ठक.

“आई, काय करतेस गं?”

“काही नाही. पाय मोकळा करतेय.”

शेळ्या गेल्या, चटयांचं घर गेलं, सरकारने पत्र्याच्या खोल्यांच्या वस्तीत आणून टाकलं, तरी तीस वर्षं आई संध्याकाळी पाय मोकळा करत राहिली. मरायच्या आदल्या दिवशीसुद्धा तिचं बोट पांघरुणावर हलत होतं.

तर असं हे सगळं ड्रीकाने पहिल्या संचालकांना सांगितलं, तेव्हा ते हसले आणि म्हणाले, “तू काचा नीट पुस.” दुसऱ्यांनी सांगितलं, अर्ज लिहून दे. तिने दिला. दोन महिन्यांनी उत्तर आलं, ‘आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे.’ ते उत्तर तिने स्वयंपाकघराच्या फळीवर अंथरलं आणि त्याच्यावर बटाटे ठेवले. तिसरे हे डॉक्टर फेंटर. तरणाताठा, शिकलेला, गोड बोलणारा माणूस. यांनी तिला खुर्चीवर बसवलं, चहा दिला, वही काढून सगळं लिहून घेतलं. “विलक्षण आहे, आंटी, विलक्षण!” असं चारदा म्हणाले. ड्रीका त्या दिवशी घरी जाऊन रडली होती, सुखाने. म्हणून तर तिचा खरा संताप यांच्यावर होता. न ऐकणाऱ्यांचं एक वेळ सोडून देता येतं. हा माणूस ऐकून घेऊन असं वागला!

“आकडे बघा ना तुम्ही,” ती आता पुन्हा म्हणाली. “चारशे सतरा अ, चारशे सतरा ब. एकाच वस्तूचे दोन भाग.”

“आंटी, जुन्या नोंदीत असे घोळ असतात. अ, ब म्हणजे फक्त क्रम.”

“मग चारशे सोळाला अ का नाही? चारशे अठराला का नाही? काचा पुसताना मी सगळे आकडे बघितलेत, डॉक्टर. अख्ख्या इमारतीत अ-ब एवढंच आहे.”

डॉक्टर उतरून शिडी मिटायला लागले.

“आणि कासंडीच्या काठाला खाच पडलीय ती? काठी टेकून टेकून पडलीय. शिकारी काय कासंडीवर धनुष्य घासत बसायचा?”

“मी तुमच्यावर अविश्वास दाखवत नाही,” डॉक्टर म्हणाले. “पण पुरावा लागतो. एखादं पुस्तक, एखादा साक्षीदार. मी फिलेमोनलाही विचारलं होतं. तो तुमच्याच गावचा. त्याला काही आठवत नाही म्हणतो. आता असं करू, आजचा समारंभ होऊ दे. मग समितीपुढे विषय ठेवू.”

“आज माझा शेवटचा दिवस आहे.”

“हो की! म्हणून तर तुम्हाला मानाचं काम दिलंय. तो नामा बायकांचा जुन्या पद्धतीचा झगा घातलात ना, छान दिसाल. पाहुण्यांना कॉफी तुमच्या हातून.”

वारसा दिनाचा समारंभ होता. ‘आपले नामा बांधव’ असं त्या दालनाचं नाव. बांधवांपैकी आमंत्रण एकालाही नव्हतं. होते ते दोघं नोकरीवर होते, एक कॉफी देणारी आणि एक दार धरणारा.

दार धरणारा म्हणजे फिलेमोन. ड्रीकाचा चुलत भाऊ, तिच्याहून दोन वर्षांनी मोठा, पंधरा वर्षं इथला पहारेकरी. ठिगळांचा लांब झगा आणि कापडी टोपडं घालून ती बाहेर आली, तसा तो म्हणाला, “बापरे, आज एवढी नटलीस? नवरा बघायला निघालीस की काय?”

“तुझं तोंड आरशात बघ आधी. सकाळी समोर आलास तर शेळी दूध द्यायची नाही.”

“शेळ्यांना आवडायचो मी.”

“आठवतात का रे शेळ्या तुला?” ड्रीका गर्रकन वळली. “डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तर काही आठवत नव्हतं! आमच्याच शेळ्या राखायचास. रोज संध्याकाळी माझ्या आईच्या हातचं ताक पिऊन घरी जायचास. ते ताक तरी आठवतं का?”

फिलेमोनने टोपी काढली, आत पाहिलं, परत घातली.

“दहा वर्षांचं पोर होतो मी. काय आठवणार? आणि समज आठवलं, तरी काय? साहेबांना खोटं पाडू? मला अजून दोन वर्षं काढायचीत इथं. तुझं बरं आहे, तू आज सुटलीस.”

“सुटले? वा रे वा!”

“ड्रीका, जाऊ दे ना. मेलेल्या माणसाला काय त्याचं?”

आणखी एक शब्द बोलली असती तर ड्रीका त्या झग्यासकट रडायला लागली असती, आणि या माणसासमोर तिला रडायचं नव्हतं. झग्याच्या खिशात तिने हात घातला. कपाटांच्या किल्ल्यांचा जुडगा खिशात होता, पाच वाजता परत करायचा. तोवर पुसायचा अधिकार तिचाच होता.

अकरा वाजता पाहुणे आले. फुलांचा हंगाम संपत आला होता, तरी डोंगरउतार अजून केशरी होते, आणि पाहुण्यांच्या बुटांना माती लागलेली होती. प्रांताच्या मंत्रिबाई आल्या, वर्तमानपत्रवाले आले, शाळेच्या मुलांची एक रांग आली. ड्रीका तबक घेऊन फिरत होती. एका बाईने तिच्या झग्याचं ठिगळ दोन बोटांत धरून शेजारणीला दाखवलं, जसं काही तो झगा दुकानातच टांगलेला आहे.

डॉक्टर फेंटर बोलायला उभे राहिले. चांगलं बोलत होते. या भूमीचे पहिले मेंढपाळ, त्यांची साधी राहणी, त्यांच्यावर झालेला अन्याय. ड्रीका ऐकत होती. अन्याय म्हटल्यावर तिला वाटलं, आता तरी. मग डॉक्टरांनी हात शिकाऱ्याच्या पुतळ्याकडे केला आणि आवाज खाली आणला.

“दुर्दैवाने या लोकांनी मागे काही लिहून ठेवलं नाही. हे धनुष्य कुणाचं होतं, ही भांडी कुणी हाताळली, त्यांची नावं आपल्याला कधीच कळणार नाहीत. त्यांचा आवाज आता कायमचा हरवला आहे.”

कायमचा हरवला! वहीत लिहून घेतलेल्या माणसाने हे म्हणावं!

ड्रीकाच्या शेजारी त्या वेळी मंत्रिबाईच उभ्या होत्या. “धरा जरा,” असं म्हणून ड्रीकाने कॉफीचं तबक त्यांच्या हातात दिलं. मंत्रिबाईंनी ते धरलं. कुणी हातात काही दिलं की धरायची बायकांना सवयच असते, मग ती मंत्रीण का असेना.

किल्ली कुलपात फिरल्याचा आवाज झाला, तेव्हा डॉक्टरांचं वाक्य अर्ध्यावर तुटलं. “आंटी?” ते म्हणाले. “आंटी, काय करताय?” ड्रीका कपाटात शिरली होती. तिने पुतळ्याच्या मुठीतून खास ओढलं. मूठ घट्ट होती. तिने आणखी जोराने ओढलं आणि कडकन आवाज होऊन शिकाऱ्याची दोन बोटं खाली पडली, आणि बाण कपाटाबाहेर घरंगळला.

“फिलेमोन!” डॉक्टर ओरडले. “थांबव तिला!”

“निघालोच, साहेब,” फिलेमोन दारातून म्हणाला. “गुडघे दुखतात हो.” आणि तो दालनाच्या त्या टोकापासून निघाला, एकेक पाऊल मोजून टाकत.

ड्रीकाने शहामृगाची अंडी काढून शिकाऱ्याच्या मांडीवर ठेवली. कासंडी काखेत मारली, खास हातात घेतलं आणि बाहेर येऊन सगळ्यांच्या देखत जमिनीवर बसली. उजव्या पायातला बूट काढला. मोजा काढला. सुरकुतलेलं, फरशीच्या पाण्याने पांढरं पडलेलं ते पाऊल बघून पुढच्या रांगेतल्या एका बाईने मान फिरवली. फिरवू दे. जुनी तात कुजली म्हणून डॉक्टरांनी नवी बांधून घेतली होती, तीही बाण सुटेल इतकी ताठ. ड्रीकाने दातांनी गाठ सैल केली, तात थोडी उतरवली, अंगठ्याने छेडून पाहिली. मग टोक पावलाखाली घेतलं आणि काठी कासंडीच्या काठावर टेकवली. ती आपल्या खाचेत जाऊन बसली. पंचावन्न वर्षांनी बसली, पण एका झटक्यात बसली, आणि ते तिथल्या प्रत्येकाने पाहिलं.

ठोका द्यायला काडी नव्हती. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि शिकाऱ्याचा खाली पडलेला बाण उचलला.

आता खरी गोष्ट सांगायची तर ड्रीकाला खास वाजवता येत नव्हतं. कुणी शिकवलंच नव्हतं. येत होता तो फक्त आईच्या बोटाचा ठेका. तीस वर्षं संध्याकाळी मांडीवर पाहिलेला. ठक, ठक-ठक, ठक. आणि कुठल्या ठोक्याला हनुवटी खाली जायची, कुठल्या ठोक्याला उचलायची, तेवढं माहीत होतं. सूर नव्हता माहीत. तो आईला एकटीलाच ऐकू येत होता.

पहिला ठोका बसला तेव्हा नुसतं भद्द वाजलं. कुणीतरी फिसकन हसलं. ड्रीकाने पाऊल आणखी दाबलं आणि दुसरा ठोका दिला. कासंडी घुमली. मग तिने हनुवटी तातेला लावली, आणि सूर वर चढला. उचलली, खाली आला. ठक, ठक-ठक, ठक. ती आईचं बोट आठवत गेली आणि हात वाजवत गेला. चौथ्या फेरीला तिच्या अंगावर सरसरून काटा आला. ही धून तिने ऐकली होती! आठ वर्षांची असताना रोज ऐकली होती. ही शेळ्यांना घरी बोलावायची धून. दिवस कलला की आई दाराशी बसून हे वाजवायची, आणि डोंगरावर पांगलेल्या सतराच्या सतरा शेळ्या माना वर करून घराकडे वळायच्या.

म्हणजे तीस वर्षं ही बाई पत्र्याच्या खोलीच्या दारात बसून शेळ्यांना हाका मारत होती. आणि लेकीला सांगत होती, पाय मोकळा करतेय.

ड्रीकाच्या डोळ्यांतून पाणी तातेवर पडत होतं. ती थांबली नाही.

आणि त्याच वेळी दालनाच्या मधोमध, पाहुण्यांच्या गर्दीत, फिलेमोन थबकला. पुढे टाकलेलं पाऊल तसंच राहिलं. मान वर गेली. त्याने दोन बोटं कानामागे नेली, टाळूवर जीभ दोनदा वाजवली, टॉक् टॉक्, आणि छाती भरून हाळी दिली.

“हो-आऽऽ! होऽऽ-आ!”

काचा थरथरल्या. शाळेची पोरं दचकली. डोंगरावरच्या गुराख्याने घरच्या धुनेला द्यायचं ते उत्तर होतं. ऐकलं गं, निघालो, आणतोय सगळ्यांना. ड्रीकाने वाजवता वाजवता मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. फिलेमोन स्वतःच इतका घाबरला होता की त्याने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. या टकटकीसाठी त्यानेही शाळेत छड्या खाल्ल्या होत्या. पासष्ट वर्षांचा माणूस, गणवेशातला, पण डोळ्यांत भीती त्याच पोराची होती.

धून संपली. आणि पाहुण्यांनी काय केलं? टाळ्या वाजवल्या! जोरजोरात. त्यांना वाटलं, कार्यक्रमातच आहे हे. मंत्रिबाई तबक हातात असल्यामुळे टाळ्या वाजवू शकल्या नाहीत, पण म्हणाल्या, “डॉक्टर, फारच सुंदर योजना केलीत हो.”

डॉक्टर फेंटर हुशार माणूस. चेहरा पांढराफटक पडला होता, पण सावरले. “धन्यवाद,” म्हणाले. “आमचा हा एक छोटासा विशेष कार्यक्रम...”

“खोटं बोलू नका!” ड्रीका जमिनीवरूनच गरजली. टाळ्या थांबल्या. “योजना यांची नाही. यांनी हे पुतळ्याच्या हातात बाण लावून दिलं होतं. हे खास आहे, आणि ते माझ्या आईचं आहे. तुम्हाला साक्षीदार पाहिजे होता ना, डॉक्टर? विचारा त्याला. आता विचारा.”

सगळ्यांच्या माना फिलेमोनकडे वळल्या. डॉक्टरांनी विचारलं नाही. पण फिलेमोनने टोपी काढून छातीशी धरली आणि स्वतःहून बोलला.

“तिचंच आहे, साहेब. लेया काकूचं. मी तिच्या शेळ्या राखायचो. मला आठवत नाही म्हणालो, ते खोटं बोललो.” मग घसा खाकरून म्हणाला, “सगळं आठवतं. ताकसुद्धा.”

“बरं, बरं,” डॉक्टर हलक्या आवाजात म्हणाले आणि ड्रीकापाशी वाकले. “तुमचं म्हणणं पोचलं, आंटी. आता उठा. समितीपुढे मी स्वतः ठेवतो.”

“उठते. पाय आखडलाय, वेळ लागेल. तोवर तुम्ही कागद घ्या आणि लिहा.”

“काय लिहू?”

“खास. चारशे सतरा, अ आणि ब. वाजवणारी, लेया बोईस, क्लिपवाल.”

“आंटी, कार्ड छापून येतात. त्याची एक पद्धत...”

“मग मी बसते. मला कुठं जायचंय? आज माझा शेवटचा दिवस आहे.” आणि तिने पाऊल काठीवर आणखी घट्ट दाबलं.

मंत्रिबाई वाट बघत होत्या, वर्तमानपत्रवाल्याने कॅमेरा वर केला होता. शेवटी डॉक्टरांनी खिशातून पेन काढलं आणि आमंत्रणपत्रिकेच्या पाठीवर लिहायला लागले. बोईस कसं लिहायचं, हे त्यांनी विचारलं. एकोणीस वर्षं पगारपत्रकावर ड्रीका माहेरचं तेच आडनाव लावत होती, तरी विचारलं. ड्रीकाने एकेक अक्षर सांगितलं. लिहून झाल्यावर कागद हातात घेऊन वाचला, आणि मगच पाऊल उचललं.

तिने स्वतःच्या हाताने खास आणि कासंडी कपाटात ठेवली, काठी खाचेत, तात वर. पुढे तो कागद उभा केला. काच फडक्याने पुसली आणि कुलूप लावलं. मागे शिकारी तसाच नेम धरून बसला होता. मांडीवर दोन अंडी, मूठ रिकामी, आणि दोन बोटं गेलेली.

संध्याकाळी पाच वाजता किल्ल्या परत केल्या. निरोपाचं प्रमाणपत्र कुणी दिलं नाही, ते टेबलावर तसंच राहिलं असावं. फिलेमोनला सोमवारी कार्यालयात हजर राहायला सांगितलं होतं. कशासाठी, ते सांगितलं नव्हतं.

दोघं गाडीच्या थांब्यावर बाकावर बसले. उन्हं उतरली होती आणि डोंगरावरची फुलं मिटायला लागली होती. वस्तीकडे जाणारी गाडी यायला वेळ होता. फिलेमोनने डब्यातली उरलेली भाकर मोडून अर्धी तिच्या पुढे केली. तिने ती घेतली, पण खाल्ली नाही, मांडीवर ठेवली.

मग फिलेमोनच्या लक्षात आलं की ड्रीकाने उजवा पाय लांब केलाय. मान खाली घातलीय. हनुवटी गळ्याशी आणि बोट बाकाच्या फळीवर हलतंय.

“पायात गोळा आला का गं?” त्याने विचारलं.

“नाही.”

“मग?”

“शेळ्या आणतेय घरी,” ड्रीका म्हणाली. “अजून दोन यायच्यात.”

फिलेमोनने मान वळवली आणि तो डोंगराकडे बघत बसला.